दुभंगलेली काच : शेव्हरोले कॉर्व्हेटच्या १९६३ च्या मॉडेलचे एक समीक्षात्मक वाचन

प्रास्ताविक

अमेरिकन मोटार-उद्योगात ‘मॉडेल-वर्ष’ नावाची एक स्वतंत्र कालगणना रूढ आहे. ती दिनदर्शिकेशी जुळत नाही. १९६३ चे मॉडेल १९६२ च्या शरद ऋतूतच विक्रीस आलेले असते. जनरल मोटर्स या कंपनीने आल्फ्रेड स्लोन यांच्या कारकिर्दीत, १९२० च्या दशकात, दरवर्षी गाडीचे रूप थोडेफार बदलण्याची प्रथा रुजवली. धडधाकट असलेली गाडीही मालकाला जुनी वाटू लागावी, हा त्यामागील उघड व्यापारी हेतू होता. हेतू कोणताही असो, त्याचा एक परिणाम साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटावा असा आहे. दरवर्षीचे मॉडेल ही त्या गाडीची एक आवृत्ती ठरते आणि आवृत्त्यांमध्ये पाठभेद निर्माण होतात. एखादा पाठ एकाच आवृत्तीत आढळतो व पुढील आवृत्तीत तो गाळला जातो. तो का आला, कोणी घातला, कोणी गाळला आणि गाळल्यानंतर संहितेचे काय झाले, हे प्रश्न मग विचारावेच लागतात.

शेव्हरोले कॉर्व्हेट या क्रीडामोटारीच्या १९६३ च्या मॉडेलात असा एक पाठ आहे. त्या वर्षीच्या बंद छताच्या गाडीची, म्हणजे ‘स्टिंग रे कूपे’ची, मागील काच अखंड नाही. तिच्या मधोमध शरीराच्याच रंगाची एक उभी पट्टी आहे व तिच्यामुळे काचेचे दोन भाग झाले आहेत. १९६४ मध्ये ही पट्टी नाहीशी झाली. प्रस्तुत लेखात या एका पट्टीचा विचार करावयाचा आहे.

येथे एक कबुली देणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखकाने ही गाडी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. छायाचित्रे, चलच्चित्रे आणि कपाटात ठेवण्याजोगी एक लहान प्रतिकृती एवढ्यावरच हे विवेचन आधारलेले आहे. ही मर्यादा खरी आहे. परंतु छायाचित्रे जमवीत असताना एक गोष्ट लक्षात आली आणि लेखाचा विषय तेथूनच सुरू झाला. पाहण्यात आलेली बहुतेक सर्व छायाचित्रे मागील बाजूने, किंचित वरून व तिरकस घेतलेली होती. चालकाच्या आसनावरून, मागे पाहण्याच्या आरशातून दिसणारे दृश्य त्यांत जवळजवळ नव्हतेच. गाडी पाहणाऱ्याची बाजू आपल्यापर्यंत पोहोचली आहे, चालवणाऱ्याची नाही.

कर्तृत्वाचा प्रश्न

या गाडीचा कर्ता कोण, याचे सरळ उत्तर देता येत नाही. जनरल मोटर्सच्या रूपरचना विभागाची सूत्रे १९५८ च्या अखेरीस हार्ली अर्ल यांच्याकडून बिल मिचेल यांच्याकडे आली. त्यापूर्वीच, १९५७ मध्ये, पीटर ब्रॉक या अगदी तरुण आरेखकाच्या चित्रांतून नव्या कॉर्व्हेटची मूळ कल्पना आकाराला आली होती. त्याच वर्षी जून महिन्यात अमेरिकेतील मोटार-उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींपासून दूर राहण्याचा निर्णय घेतला. मिचेल यांनी त्यातून पळवाट काढली. सेब्रिंगच्या शर्यतीसाठी बनवलेल्या ‘कॉर्व्हेट एस.एस.’च्या चाचणी-गाडीचा सांगाडा त्यांनी स्वतःकडे घेतला, त्यावर नवे शरीर चढवले आणि ही ‘स्टिंग रे’ कंपनीचे नाव न लावता १९५९ पासून स्वतःच्या खर्चाने शर्यतीत उतरवली. डिक थॉम्पसन या व्यवसायाने दंतवैद्य असलेल्या चालकाने १९६० मध्ये तिला तिच्या वर्गाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. या शरीराला आणि पुढे रस्त्यावर आलेल्या गाडीला अंतिम रूप देण्यात लॅरी शिनोडा यांचा वाटा मोठा होता. जपानी वंशाचे हे अमेरिकन आरेखक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बालवयात, कॅलिफोर्नियातील मँझनार येथील छावणीत स्थानबद्ध होते.

‘स्टिंग रे’ म्हणजे आपल्या कोकणकिनाऱ्यावर ज्याला पाकट म्हणतात तो मासा. चपटे, कडेला धारदार होत गेलेले शरीर आणि मागे चाबकासारखी शेपटी. मिचेल यांना समुद्रातील मासेमारीचा छंद होता. गाडीचा रंग भिंतीवर टांगलेल्या शार्कशी जुळेना, तेव्हा कर्मचाऱ्यांनी शार्कच रंगवून टाकला, अशी एक आख्यायिका १९६१ च्या ‘माको शार्क’ या प्रदर्शनीय गाडीविषयी सांगितली जाते. ती खरी असो वा नसो, त्या कार्यालयातील सत्तेची उतरंड ती चांगली दाखवते.

या सर्वांच्या पलीकडे झोरा अर्कस-डन्टोव्ह हे अभियंता उभे होते. १९०९ मध्ये ब्रुसेल्स येथे रशियन ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९५३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्यांनी पहिली कॉर्व्हेट पाहिली आणि त्याच वर्षी ते जनरल मोटर्समध्ये दाखल झाले. ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत १९५४ व १९५५ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी पोर्शे गाडी चालवून आपल्या वर्गात विजय मिळवला होता. १९६३ च्या कॉर्व्हेटची मागील चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होतात. त्यासाठी आडवी बसवलेली नऊ पट्ट्यांची स्प्रिंग ही डन्टोव्ह यांच्या रचनेची खूण होय. दोन अक्षांमधील अंतर पूर्वीच्या १०२ इंचांवरून ९८ इंचांवर आले. गाडी जमिनीला कशी धरते, हा प्रश्न डन्टोव्ह यांनी सोडवला. ती डोळ्याला कशी धरते, हा मिचेल यांनी. दोघांची कक्षा जेथे एकमेकींत मिसळली तेथे ती पट्टी होती.

डन्टोव्ह यांचा तिला विरोध होता. चालकाला मागचे दिसत नाही, एवढे साधे त्यांचे म्हणणे होते. ती काढायची असेल तर सगळी गाडीच सोडून द्यावी, अशा आशयाची भूमिका मिचेल यांनी घेतली. मिचेल उपाध्यक्ष होते, डन्टोव्ह एका विभागातील अभियंता. १९६३ पुरता निकाल हुद्द्याप्रमाणे लागला.

पट्टी कशाची?

हा वाद बहुधा ‘रूप विरुद्ध उपयोग’ अशा तयार चौकटीत सांगितला जातो. ती चौकट चुकीची नाही, पण अपुरी आहे. उपयोगाच्या विरुद्ध बाजूला उभे असलेले सर्वच रूप एका जातीचे नसते, हे तिच्यात दिसत नाही.

आधी गाडीकडे पाहू. पुढच्या टोकापासून बॉनेटच्या मधोमध एक उंचवटा निघतो. तो समोरच्या काचेपाशी थांबतो, छतावर पुन्हा सुरू होतो, छताबरोबर मागे उतरत जातो आणि निमुळत्या शेपटीकडे जातो. मागील काचेवरून जाताना हाच कणा पट्टीचे रूप घेतो. म्हणजे पट्टी काचेवर बसवलेली नाही; कणा आपल्या मार्गाने चालला आहे आणि वाटेत काच आली आहे. याच्या जोडीला, संपूर्ण शरीराला कमरपट्ट्यासारखी वेढणारी एक आडवी धार आहे. बा. सी. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे सांगितली. ती येथे लावून पाहण्याचा मोह आवरत नाही. आडवी धार गाडीला जमिनीशी बांधते, उभा कणा तिला पुढे ओढतो. हा विरोध आहे. बाजूने पाहताना धारेचे राज्य असते, मागून पाहताना कण्याचे, आणि तिरकस पाहताना दोन्ही एकाच वेळी दिसतात. छायाचित्रकार नेमका तोच कोन का निवडतात, याचे उत्तर बहुधा येथे असावे.

मोटारींच्या इतिहासात दुभंगलेली काच नवी नव्हती. फोक्सवॅगनच्या बीटल गाडीची मागील काच १९५३ पर्यंत दोन भागांचीच होती. वक्र काच करणे कठीण व महाग, म्हणून दोन तुकडे, असे तिचे व्यावहारिक कारण होते. कणाही नवा नव्हता. बुगाटी कंपनीच्या १९३० च्या दशकातील ‘अटलांटिक’ या गाडीच्या पाठीवरून रिव्हेट मारलेली उभी शिवण जाते आणि कॉर्व्हेटशी तिचे नाते अनेकांनी जोडले आहे. त्या शिवणीची कथा उद्बोधक आहे. मूळ प्रदर्शनीय गाडीचे शरीर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते. तो जोडकामाला घातक, म्हणून पत्रे बाहेरून रिव्हेटने सांधले गेले. पुढे शरीर अॅल्युमिनियमचे झाले, शिवणीची गरज संपली, पण शिवण राहिली. गरजेतून आलेले चिन्ह गरज संपल्यावर अर्थ म्हणून उरले.

कॉर्व्हेटमध्ये ही प्रक्रिया आणखी एक पायरी पुढे जाते. तिचे शरीर फायबरग्लासचे आहे. मधोमध सांधा असण्याची सक्ती नाही. अखंड वक्र काच करणे १९६३ मध्ये अशक्य नव्हते; पुढच्याच वर्षी ती आली. म्हणजे या पट्टीला तांत्रिक पूर्वजन्म आहे, पण तांत्रिक वर्तमान नाही.

रोलाँ बार्थ यांनी १९५७ च्या ‘मायथॉलॉजीज’ या ग्रंथात सित्रोएन कंपनीच्या डी.एस. या गाडीवर लिहिले आहे. गुळगुळीतपणा हे पूर्णत्वाचे लक्षण मानले जाते, कारण सांधा दिसला की जोडणाऱ्या माणसाचा हात दिसतो, अशी त्यांची मांडणी आहे. ख्रिस्ताच्या शिवणविरहित वस्त्राचा दाखला ते देतात. आपल्याकडील सांस्कृतिक अभ्यासात हा निबंध इतका उद्धृत होतो की मोटार म्हटली की बार्थ, असे समीकरणच झाले आहे. कॉर्व्हेट मात्र त्या समीकरणात बसत नाही. जेथे सांधा नाही तेथे ती सांधा दाखवते. डी.एस.ला आकाशातून उतरल्यासारखे भासायचे होते. कॉर्व्हेटला पाठीचा कणा असलेला प्राणी व्हायचे होते. कण्याशिवाय प्राणी नाही, म्हणून मिचेल यांचा हट्ट.

एक आक्षेप

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो व तो टाळून चालणार नाही. कणा समोरच्या काचेपाशी तुटतोच. बॉनेट आणि छत यांमध्ये एवढी मोठी अखंड काच आहे, तेथे कोणी पट्टी घातली नाही आणि तरीही डोळा ती दरी सहज ओलांडतो. मग मागे तो का ओलांडणार नाही? डन्टोव्ह यांच्या बाजूने हा सर्वांत बळकट युक्तिवाद ठरतो.

याचे उत्तर प्रस्तुत लेखकाच्या मते असे. समोरची काच ही सीमा आहे. बॉनेट संपते, काच उभी राहते, मग छत सुरू होते. दोन वाक्यांच्या मध्ये पूर्णविराम यावा तसे. मागे मात्र छत, काच आणि शेपटी हा एकच उतार आहे. तेथे कणा तुटला तर एकाच वाक्याच्या मध्यावर शब्द गळतो. १९६४ ची गाडी मागून पाहिली की छतावरचा उंचवटा काचेच्या वरच्या कडेशी येऊन विरतो. वाक्याचा अर्थ कळतो, पण लय सुटते.

हे उत्तर रचनेपुरते खरे आहे. आरशात पाहणाऱ्या माणसासाठी ते उत्तरच नाही, आणि हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गाडीच्या मागे येणारा मोटारसायकलस्वार नेमका त्या पट्टीआड असू शकतो. कवितेतील दुर्बोध ओळीची किंमत वाचक मोजतो आणि ती मोजायची की नाही हे तो ठरवतो. येथे किंमत मोजणाऱ्याने गाडी विकत घेतलेलीही नसेल. राल्फ नेडर यांचे मोटारींच्या असुरक्षिततेवरील पुस्तक १९६५ मध्ये आले व त्यातील एक संपूर्ण प्रकरण रूपरचनाकारांवरच आहे. मिचेल यांच्या पट्टीचे रचनात्मक समर्थन करणाऱ्याने ते प्रकरण विसरून लिहू नये.

डन्टोव्ह यांनी आपले मत कृतीतूनही नोंदवले. १९६३ सालीच शर्यतीसाठी ‘ग्रँड स्पोर्ट’ या हलक्या कॉर्व्हेट तयार करण्याचे काम त्यांनी चालवले होते. १२५ गाड्यांचा बेत होता. कंपनीने तो थांबवला तोवर केवळ पाच तयार झाल्या होत्या. त्यांच्या मागील काचेत पट्टी नाही. त्याच वर्षाच्या, त्याच नावाच्या गाडीचा हा अभियंत्याचा पाठ. मिचेल यांची सुंदर चोच वेगात पुढच्या बाजूने वर उचलली जाते, ही अडचण त्याच्या नशिबीही आलीच. ज्या ब्रॉक यांच्या चित्रांपासून सारे सुरू झाले, ते तोवर कॅरोल शेल्बी यांच्याकडे गेले होते. तेथे त्यांनी ‘कोब्रा डेटोना कूपे’ ही १९६४ ची गाडी आखली. तिची मागे एकदम कापल्यासारखी शेपटी पाहून अनेकांनी नाके मुरडली, पण ती वाऱ्याच्या हिशेबाने काढलेली होती. तिने १९६५ मध्ये जागतिक अजिंक्यपद मिळवले.

अलंकाराचे दोन प्रकार

१९६४ मध्ये पट्टीबरोबर आणखी एक गोष्ट गेली. १९६३ च्या बॉनेटवर दोन जाळ्या होत्या. त्या हवा आत घेतात असे वाटे. प्रत्यक्षात त्या बंद होत्या, केवळ दिखाऊ. त्या काढल्या गेल्या, त्यांच्या जागचे खळगे तेवढे राहिले. त्या जाळ्यांसाठी कोणी हुद्दा पणाला लावल्याचे ऐकिवात नाही.

दोन्ही निरुपयोगी, दोन्ही एकाच वर्षी आलेल्या, दोन्ही एकाच वेळी गेलेल्या. तरी दोहोंची जात भिन्न आहे. आनंदवर्धनाने काव्यातील अलंकाराविषयी ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’ अशी अट घातली. जो अलंकार साधण्यासाठी कवीला वेगळा प्रयत्न करावा लागत नाही, रसाच्या ओघातच जो सिद्ध होतो, तोच खरा. ध्वनिसिद्धान्त अमेरिकन मोटारीला लावणे काहींना विनोदी वाटेल. परंतु कसोटी तंतोतंत लागू पडते. जाळ्या वेगळ्या प्रयत्नाने चिकटवलेल्या आहेत. त्या काढल्या तरी बॉनेटचे काही बिघडत नाही, उलट ते स्वच्छ होते. शिवाय त्या खोटे बोलतात, कारण त्या इंजिनाविषयी असत्य विधान करतात. पट्टी कोणतेही विधान करीत नाही. ती कण्याच्या ओघात येते. ती काढली की कणाच अपुरा राहतो. म्हणूनच तिच्याविषयी भांडण होऊ शकले. जाळ्यांविषयी होऊ शकले नाही.

‘रूप विरुद्ध उपयोग’ या चौकटीत पट्टी आणि जाळी एकाच पारड्यात पडतात. समीक्षेचे काम त्यांना वेगळे करणे हे आहे असे वाटते.

पाठशुद्धी आणि दुर्मीळता

पुढे जे घडले ते पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हसू आणणारे आहे. १९६४ ची अखंड काच आल्यावर १९६३ च्या अनेक मालकांनी आपल्या गाडीची पट्टी कापून टाकली व नवी काच बसवून घेतली. जुन्या पोथीतील अवघड शब्द लेखनिकाने आपल्या समजुतीनुसार ‘शुद्ध’ करावा, तसे हे झाले. कालांतराने दुभंगलेल्या काचेची गाडी संग्राहकांना हवीशी झाली, तिची किंमत चढली, आणि कापलेल्या गाड्यांना पुन्हा पट्टी बसवण्याचे उद्योग सुरू झाले. पाठचिकित्सेचा नियम असा की दोन पाठांपैकी अधिक अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक. संग्राहकांनी हा नियम न शिकता पाळला. मात्र अवघड पाठ मूळचा असतो म्हणून तो श्रेष्ठ ठरत नाही, हे त्यांच्या गावी नाही. पट्टीचा आज जो गौरव होतो त्यातील मोठा भाग एका वर्षापुरत्या दुर्मीळतेचा आहे. ती दहा वर्षे टिकली असती तर तिच्याविषयी इतके प्रेम वाटले असते का, याची शंका येते.

आकड्यांच्या आधारे पट्टीचा निवाडा करण्याचाही प्रयत्न होतो. १९६२ मध्ये कॉर्व्हेटचे उत्पादन १४,५३१ होते, १९६३ मध्ये ते २१,५१३ वर गेले. म्हणजे पट्टीने गाडी खपवली. असे म्हणणाऱ्याने पुढे पाहावे. १९६४ मध्ये एकूण उत्पादन वाढून २२,२२९ झाले, मात्र कूपेची संख्या १०,५९४ वरून ८,३०४ पर्यंत घसरली. पट्टी काढल्याने विक्री वाढली असे यातून सिद्ध होत नाही आणि पट्टी गेल्याने ती घटली असेही नाही. सौंदर्याचा कौल उत्पादनाच्या तक्त्यातून मागणे व्यर्थ आहे.

त्या तक्त्यातून दुसरेच काही हाती लागते. १९६३ च्या २१,५१३ गाड्यांपैकी १०,९१९ गाड्या उघडझाप करता येणाऱ्या कापडी छताच्या होत्या. निम्म्याहून किंचित अधिक ग्राहकांनी कूपे घेतलीच नाही. ज्या काचेमुळे ते वर्ष ओळखले जाते, जिच्यासाठी उपाध्यक्ष आणि अभियंता भांडले, जी नंतर करवतीने कापली गेली आणि पुन्हा बसवली गेली, ती काच त्यांच्या गाडीला नव्हती. बॉनेटवरचा तो उंचवटा त्यांच्याकडेही होता. तो समोरच्या काचेपाशी येऊन थांबे, आणि छत मागे दुमडलेले असेल तर त्यापुढे चालकाच्या आरशात फक्त रस्ता असे.